दारात पाणी साचतंय? रबर बदलण्याआधी भोकं बघा

गाडीचं दार उघडताना आत पाणी खळखळतंय आणि गॅरेजवाला चारी दारांची रबरं बदलायला सांगतोय, तर पैसे द्यायची घाई करू नका. चिपळुणात एका गॅरेजने आमच्याकडून याच कामाचे नऊ हजारांवर रुपये उकळले, आणि गाडीला त्या कामाची गरजच नव्हती.

पावसाळ्याआधी त्याच गॅरेजात अँटी-रस्ट कोटिंग, म्हणजे गंज लागू नये म्हणून फवारतात तो काळा थर, करून घेतलं होतं. कोकणातली खारी हवा, त्यात तो पाऊस, म्हणून बरेच जण करतात. जुलैत पुढच्या डाव्या दारात पाणी हिंदकळायला लागलं, काच अडायला लागली, खालचं कार्पेट भिजलं. गॅरेजमालकाने दार उघडूनसुद्धा पाहिलं नाही. "साहेब, बीडिंग (दाराचं रबर) गेलंय. एक बदलून भागणार नाही, चारी बदलू. नाहीतर पॉवर विंडोची मोटार पण जाईल." पैसे रोख घेतले. पक्कं बिल मागितलं तर हातात कच्ची चिठ्ठी. जुनी रबरं मागितली, तर म्हणे भंगारात गेली. पुढच्या सरीला पाणी तसंच!

खरं कारण रत्नागिरीतल्या एका जुन्या फिटरकाकांनी दाखवलं. काचेवरचं पाणी खालच्या रबरपट्टीतून थोडंफार दाराच्या पोकळीत उतरतंच, कितीही नवं रबर लावा. दाराची रचनाच तशी असते. ते पाणी बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला लहान भोकं किंवा लांबट फटी ठेवलेल्या असतात. आमच्या दाराची सगळी भोकं त्या काळ्या कोटिंगने बुजली होती. पाणी तुंबलं, दाराच्या आतल्या पॅडच्या मागे चिकटवलेल्या प्लास्टिकच्या कागदाच्या कडेने आत झिरपलं. असंच राहिलं असतं तर दाराची कड आतून गंजली असती. म्हणजे गंज लागू नये म्हणून पैसे दिले आणि गंजाचीच सोय झाली. भोकं त्या गॅरेजवाल्यांनीच बुजवली आणि त्याच्याच दुरुस्तीचे पैसे पुन्हा आमच्याकडून घेतले, याचा संताप अजून जात नाही.

काकांनी केबल टायचं टोक भोकात घालून हळूहळू फिरवलं. आधी काळा चिखल आला, मग पाण्याची धारच लागली. स्क्रूड्रायव्हर त्यांनी हातात घेतला नाही, कारण रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो. एरवी ही भोकं लाल माती आणि कुजलेल्या पाल्यानेही बुजतात, तेव्हा पावसाआधी एकदा मोकळी करून घ्या. तपासायला सोपं आहे: काच बंद ठेवून तिच्यावर तांब्याभर पाणी ओता. थोड्याच वेळात दाराखालून ठिबकायला हवं. मात्र पाऊस नसताना, एसी चालवल्यावरच कार्पेट ओलं होत असेल तर एसीचा पाणी जाण्याचा पाइप बघा, तो वेगळा विषय.

पक्कं बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. कच्ची चिठ्ठी असेल तर तीही फेकू नका.

आणि कोटिंग करून घ्यायचंच असेल तर गाडी सोडून जाऊ नका. फवारणीआधी भोकांवर टेप लावायला सांगा, काम झाल्यावर समोर काढायला लावा, पाणी ओतून बघा आणि मगच पैसे द्या.