संवाद नीट ऐकू यावेत म्हणून घेतलेला रिसीव्हर: यामाहा आरएक्स-व्ही३८५

नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या घरात दोन वर्षांपूर्वी ५५ इंची टीव्ही आला आणि त्याच आठवड्यात आईची तक्रार सुरू झाली, की चित्र छान दिसते, पण माणसे काय बोलतात ते कळत नाही. आईने पंचाहत्तरी गाठली आहे आणि तिचे कान थोडे मंदावले आहेत हे खरे. परंतु शांतपणे बसून ऐकल्यावर मलाही तिचे म्हणणे पटले. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येत असे आणि कमी केला की संवाद पुटपुटल्यासारखे वाटत. टीव्ही पातळ होत गेले तसे त्यांचे स्पीकर लहान झाले आणि पुढे तोंड करण्याऐवजी खाली किंवा मागे भिंतीकडे वळले, त्यामुळे शब्दांची धार आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच बोथट होते. यावर उपाय म्हणून साउंडबारचा, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांब पट्टीसारख्या स्पीकरचा, विचार मी केला होता; तथापि चित्रपटाच्या ५.१ ध्वनिमुद्रणात (आवाजाचे पाच वेगळे प्रवाह, म्हणजे वाहिन्या, आणि खर्जाची आणखी एक) बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर वाहिनीवर असतात, आणि ती वाहिनी स्वतंत्र स्पीकरला देऊन तिचाच आवाज हवा तेवढा वाढवण्याची मोकळीक रिसीव्हरमध्ये, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन तो वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, मिळते, या एका कारणासाठी मी रिसीव्हर घ्यायचे ठरवले. सगळ्या सामानाला मिळून ६० हजार रुपये ही मर्यादा होती.

खरेदीसाठी मी तीन शनिवार महात्मा गांधी रोडवर आणि कॅनडा कॉर्नरच्या बाजूला फिरलो. बहुतेक दुकानांत पहिला प्रश्न एकच आला, “किती वॅटचा पाहिजे, दादा?” हा प्रश्न विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही, कारण खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत तोच आकडा छापलेला असतो. मात्र पहिल्यांदा रिसीव्हर घेणाऱ्याची फसगत नेमकी याच आकड्यावर होते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

सोनीच्या एसटीआर-डीएच५९० या रिसीव्हरची जाहिरात प्रत्येक वाहिनीला १४५ वॅट अशी केली जाते, तर यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ ची क्षमता ७० वॅट अशी दिलेली आहे. वरवर पाहता सोनी दुप्पट ताकदीचा वाटतो. परंतु १४५ हा आकडा ६ ओहमच्या भारावर (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युतरोधाचे माप), १ किलोहर्ट्झ या एकाच स्वरावर, एकच वाहिनी चालू ठेवून आणि ०.९ टक्के विकृती मान्य करून मोजलेला आहे. यामाहाचे ७० वॅट हे ८ ओहमवर, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंतच्या संपूर्ण पट्ट्यात, दोन वाहिन्या एकाच वेळी चालू ठेवून आणि ०.०९ टक्के विकृतीवर मोजलेले आहेत. सोनीनेही दोन वाहिन्यांचा पूर्ण पट्ट्यातला आकडा दिलेला आहे, आणि तो आहे ६ ओहमवर ९० वॅट. आता जो विद्युतदाब ८ ओहमवर ७० वॅट देतो, तोच ६ ओहमवर सुमारे ९३ वॅट देतो, हे शाळेतल्या सूत्राने कागदावर काढता येते. थोडक्यात, ही दोन्ही यंत्रे जवळपास सारख्याच ताकदीची आहेत आणि खोक्यावरचा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे. स्थानिक बनावटीच्या होम थिएटर संचांवर ‘पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल ताकद) म्हणून जे हजारोंचे आकडे असतात, ते तर विचारातच घेऊ नयेत.

शिवाय घरातल्या हॉलला इतके वॅट लागतही नाहीत. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. माझ्या स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅटला एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल, आणि चार वेळा दुप्पट करून १६ वॅट दिले की १०० डेसिबल. आमचा सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे, तिथे येईपर्यंत आवाज काहीसा कमी होतो हे धरूनही, एरवी पाहताना सरासरी एखाद-दुसरा वॅटच खर्च होतो आणि बाकीची ताकद स्फोट किंवा ढगांचा गडगडाट अशा क्षणांपुरती राखीव राहते.

वॅटचा प्रश्न असा बाजूला पडल्यावर माझ्यापुढे तीन पर्याय राहिले: डेनॉन एव्हीआर-एक्स२५०बीटी, सोनी एसटीआर-डीएच५९० आणि यामाहा आरएक्स-व्ही३८५. शेवटचे दोन्ही २०१८ साली आलेले आहेत. डेनॉनला चित्र-आवाज एकत्र आत घेणाऱ्या पाच एचडीएमआय जोडण्या आहेत, इतर दोघांना चार. तिन्ही रिसीव्हर फोर-के चित्र पुढे टीव्हीला देतात, तिघांतही ब्लूटूथ आहे. माझ्या दृष्टीने निर्णायक ठरला तो खोलीचे मोजमाप घेणारा मायक्रोफोन, ज्याच्या आधारे रिसीव्हर स्पीकर आपोआप जुळवून घेतो. यामाहा आणि सोनी यांच्या खोक्यात तो येतो, डेनॉनच्या या मॉडेलमध्ये येत नाही. ज्याला कानाने ऐकून, फूटपट्टी घेऊन सगळे स्वतः जुळवता येते त्याने डेनॉन जरूर घ्यावा. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने मात्र मायक्रोफोनशिवायचा रिसीव्हर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोनी आणि यामाहा यांच्यात निवड करताना मी माझ्याच पेन ड्राइव्हवरचे एक जुने नाट्यगीत दुकानात लावून ऐकले, आणि यामाहावर गायकाचा आवाज मला अधिक मोकळा वाटला. ही वैयक्तिक आवड झाली, त्याला पुराव्याची जोड नाही.

एका दुकानात मला याच वर्गातला रिसीव्हर पाच-सहा हजारांनी स्वस्त देऊ केला गेला, फक्त पक्के बिल मिळणार नव्हते. खोके उघडायला लावून मागची पट्टी वाचली तेव्हा तिच्यावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे लिहिलेले होते. तो अमेरिकी बाजारासाठी बनवलेला माल होता. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो थेट लावला तर जळेल, आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवला तरी भारतातली वॉरंटी त्याला लागू होणार नाही. पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रिसीव्हर ३० हजारांच्या आसपास पडला. उरलेल्या पैशांत पाच स्पीकर आणि सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) असा पूर्ण संच बसवता आला असता, पण मग प्रत्येक वस्तू हलक्या दर्जाची घ्यावी लागली असती. म्हणून मी मागचे दोन स्पीकर सध्या टाळले आणि पुढचे दोन बुकशेल्फ (फळीवर मावणारे लहान स्पीकर), एक सेंटर व एक मध्यम सबवूफर, म्हणजे ३.१ एवढ्यावर थांबलो. पुढचे तिन्ही स्पीकर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घेतले, कारण तसे नसेल तर पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे बोलत गेले की मध्येच त्याचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. सेंटर स्पीकरवर काटकसर करू नये; आमच्यासाठी तर सगळी खरेदीच त्याच्यासाठी होती.

बसवण्याच्या कामात दोन गोष्टींनी वेळ घेतला. सुताराने बनवून दिलेल्या टीव्ही युनिटचा खालचा कप्पा तिन्ही बाजूंनी बंद होता आणि अशा रिसीव्हरला वरून भरपूर उष्णता बाहेर टाकावी लागते. त्याच सुताराला पुन्हा बोलावून मागची प्लाय कापून घेतली आणि मधली फळी वर सरकवून रिसीव्हरच्या डोक्यावर आठ इंच मोकळी जागा केली. स्पीकरसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातून साधी दीड एमएमची तांब्याची जोडतार आणली. दहा मीटरच्या आत ती पुरेशी आहे, त्यासाठी महागड्या तारांची गरज नाही.

दुसरी गोष्ट टीव्हीच्या सेटिंगची. रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटमधून निघालेली केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या जोडणीतच लावावी लागते, तरच टीव्हीमधल्या अ‍ॅपचा आवाज उलट दिशेने रिसीव्हरकडे येतो. एवढे करूनही पहिल्या दिवशी आवाज फक्त डावीकडून आणि उजवीकडूनच येत होता, सेंटर मूग गिळून बसला होता. टीव्हीच्या ध्वनी विभागात डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवलेले होते, आणि त्यामुळे टीव्ही सगळ्या वाहिन्या दोनमध्ये गोळा करून पाठवत होता. ते ‘बिटस्ट्रीम’ केल्याबरोबर रिसीव्हरच्या समोरच्या पट्टीवर डॉल्बीचे नाव उमटले आणि सेंटर बोलू लागला. ज्यांना ‘रिसीव्हर घेऊनही फरक पडला नाही’ असे वाटते, त्यांनी आधी हे एक ठिकाण तपासावे.

मायक्रोफोनने मोजमाप घेण्याच्या यामाहाच्या पद्धतीला ‘वायपाओ’ म्हणतात. काळा, चपटा, मुठीत मावेल एवढा मायक्रोफोन आई जिथे बसते तिथे, तिच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा असतो. आम्ही सोफ्यावर स्टुल, त्यावर दोन जाड पुस्तके आणि त्यावर तो, अशी मांडणी केली. मग घरातील सर्वांनी हॉलबाहेर जायचे, पंखा बंद करायचा आणि शांत राहायचे. एकेका स्पीकरमधून खर्जापासून तार स्वरापर्यंत चढत जाणारा ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो. पहिला प्रयत्न शेजारच्या कुकरच्या शिट्टीने वाया गेला. यंत्राने गोंगाट असल्याची सूचना देऊन काम थांबवले. दुसऱ्या वेळी ‘डब्ल्यू-१’ असा इशारा आला. याचा अर्थ एखाद्या स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली आहे. पाहिले तर सेंटरचीच तार उलटी होती. तार बरोबर असूनही हा इशारा कधी कधी येतो, तेव्हा तो दुर्लक्षित केला तरी चालते; पण आधी तपासून पाहावे, कारण उलट्या तारेने आवाज पोकळ होतो आणि कारण कळत नाही.

तिसऱ्या प्रयत्नात मोजमाप पूर्ण झाले. पुढच्या स्पीकरांची अंतरे त्याने अर्ध्या फुटाच्या आत अचूक दिली. सबवूफर मात्र प्रत्यक्षात आठ फुटांवर असताना तेरा फूट दाखवला. ही चूक नाही; सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला जो उशीर लागतो, तो अंतराच्या रूपाने धरला जातो. ते अंतर हाताने ‘दुरुस्त’ करू नये. एक बदल मात्र मी केला. वायपाओने पुढच्या बुकशेल्फ स्पीकरांना ‘लार्ज’ ठरवले होते, म्हणजे सगळा खर्जही त्यांच्याकडेच पाठवला होता. ते ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवल्यावर खालचे स्वर सबवूफरकडे गेले, लहान स्पीकर मोकळे झाले आणि संवाद लगेच स्वच्छ झाले. शेवटी सेंटरची पातळी २ डेसिबलने वाढवली.

परिणामाबद्दल मी समाधानी आहे. पावसाच्या दृश्यातही दोन पात्रांचे बोलणे वेगळे ऐकू येते, आणि कुजबुजीचे शब्द समजण्यासाठी रिमोट हातात धरून बसावे लागत नाही. सेट-टॉप बॉक्सवरच्या मालिकांचा आवाज बहुधा दोनच वाहिन्यांचा असतो. तिथे दोन वाहिन्यांचा आवाज सगळ्या स्पीकरांत वाटणारा सराउंड डिकोडर चालू केला की संवाद बऱ्याच अंशी सेंटरकडे येतात. रात्री शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून आवाजाचा चढउतार आवळण्याची सोय आहे, ती आम्ही रोज दहानंतर वापरतो. ब्लूटूथवरून नाट्यसंगीत ऐकायला बरे वाटते, पण तेच पेन ड्राइव्हवरून लावले तर तबल्याच्या चाटीवरचा बोल अधिक नेमका येतो. गुळगुळीत फरशीमुळे हॉलमध्ये आवाज घुमत असे. सोफ्यापुढे जाड सतरंजी टाकल्यावर जो फरक पडला तो कोणत्याही सेटिंगने पडला नव्हता.

उणिवाही सांगायला हव्यात. यात वाय-फाय नाही, त्यामुळे इंटरनेटवरचे संगीत थेट वाजत नाही. डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत, नाही. त्यासाठी छताकडच्या दोन वाहिन्या धरून साधारणपणे सात वाहिन्यांचा रिसीव्हर लागतो आणि बजेट बरेच वर जाते. एका एचडीएमआयवरून दुसऱ्यावर जाताना दोन-तीन सेकंद पडदा काळा होतो. रिमोटवर बटणांची दाटी आहे, आईसाठी मी वापरायच्या चार बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या आहेत. घरात नव्या पिढीचा गेमिंग कन्सोल असून फोर-के चित्र सेकंदाला १२० फ्रेमने हवे असेल, तर हा रिसीव्हर घेऊ नये, किंवा कन्सोल थेट टीव्हीला लावून आवाज एआरसीवरून घ्यावा.

वीज गेल्यावर आमच्या जुन्या, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकरमधून बारीक घरघर ऐकू येते, म्हणून रिसीव्हरचा प्लग आता इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून वेगळ्या पॉइंटवर, सर्ज प्रोटेक्टरसह लावला आहे. मागच्या दोन स्पीकरांच्या तारा पट्टीखालून ओढून ठेवल्या आहेत. ते सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, कानापेक्षा फूटभर उंच बसतील. दिवाळीत ते आले की वायपाओ पुन्हा करावे लागेल, आणि त्या दिवशी शेजारच्या काकूंना कुकर कधी लावणार ते आधी विचारून घेईन.