एचएमआरसीचं ‘सेस्ट’ : पक्षांची करवचनं वाचण्याआधी हे चालवून बघा

ब्रिटनमध्ये लिमिटेड कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्याचा निम्मा हिशेब एकाच प्रश्नावर ठरतो: हे काम आयआर ३५ च्या आत की बाहेर? (मध्ये कंपनी नसती तर तुम्ही क्लायंटचे नोकरदारच ठरला असता का, हे बघणारा हा करनियम. ठरला असता तर ‘आत’ आणि कर नोकरदारासारखा, नाहीतर ‘बाहेर’.) उत्तर देणारं सरकारी साधन म्हणजे ‘सेस्ट’ (चेक एम्प्लॉयमेंट स्टेटस फॉर टॅक्स). एचएमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याच्या, संकेतस्थळावर ते फुकट आहे, लॉगिन लागत नाही, दिलेली माहिती तिथे साठवली जात नाही. करार हाताशी असेल तर पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो. सरळ प्रकरणात ते चांगलं काम करतं. सीमेवरच्या प्रकरणात अडखळतं, आणि आयटीतल्या बऱ्याच जणांची प्रकरणं नेमकी सीमेवरचीच असतात.

पक्षांच्या वचनांशी याचा थेट संबंध आहे. २०२४ च्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने स्वयंरोजगारी लोकांच्या क्लास ४ नॅशनल इन्शुरन्सचा (सामाजिक सुरक्षेसाठी कमाईवर होणाऱ्या वसुलीचा) मुख्य दर टप्प्याटप्प्याने शून्यावर आणू असं म्हटलं होतं. तो दर आहे ६ टक्के, १२,५७० ते ५०,२७० पौंडांच्या नफ्यावर. म्हणजे जास्तीत जास्त २,२६२ पौंडांची बचत. पण ती फक्त सोल ट्रेडरची, म्हणजे कंपनी न काढता स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याची. स्वतःच्या कंपनीतून पगार आणि डिव्हिडंड घेणारा क्लास ४ भरतच नाही, त्यामुळे त्याच्या हाती यातलं काहीच पडलं नसतं. रिफॉर्म यूकेने आयआर ३५ रद्द करू म्हटलं, लिबरल डेमोक्रॅट्सनी आत-बाहेरचा निर्णय क्लायंटकडे सोपवणाऱ्या २०१७ आणि २०२१ च्या बदलांचा फेरविचार करू म्हटलं. ही वचनं कंपनीवाल्यांसाठी, त्यातही ‘आत’ ढकलल्या गेलेल्यांसाठी. आपण कुठल्या खान्यात बसतो हे माहीत नसेल तर कुठलं वचन आपलं, तेच कळत नाही.

लेबरचं उदाहरण तर आकड्यात मांडण्यासारखं आहे. नॅशनल इन्शुरन्स वाढवणार नाही असं वचन होतं. ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये वाढला तो मालकाचा हिस्सा: १३.८ वरून १५ टक्के, आणि वर्षाच्या ज्या पगारापासून तो लागतो ती मर्यादा ९,१०० वरून ५,००० पौंड. नोकरदाराच्या पगारपत्रकावर ही कपात दिसत नाही. पण ‘आत’ असलेला, अम्ब्रेला कंपनीतून (कॉन्ट्रॅक्टरला आपल्या पगारपत्रकावर घेणाऱ्या मधल्या कंपनीतून) काम करणारा माणूस मालकाचा हिस्साही स्वतःच्या दरातूनच भरतो. रोज ५०० पौंड, वर्षाला २२० दिवस, एकूण १,१०,००० पौंड धरा. अम्ब्रेलाचं स्वतःचं मार्जिन हिशेबात न धरताही मालकाचा हिस्सा आणि अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (मालकाकडून होणारी प्रशिक्षणासाठीची वसुली) वजा जाऊन जुन्या दराने करपात्र पगार साधारण ९७,३४० निघायचा, आता ९५,८९० निघतो. जवळजवळ १,४५० पौंड आयकर लागण्याआधीच गेले. ‘बाहेर’ असलेल्याला हा फटका एवढा मोठा नाही, त्याला दुसरा आहे: डिव्हिडंडचा मूळ दर एप्रिल २०२६ पासून ८.७५ वरून १०.७५ टक्के.

आता साधनाकडे. बदली माणूस (तुमच्याऐवजी दुसऱ्याला कामावर पाठवता येतं का), कामावरचं नियंत्रण, आर्थिक जोखीम आणि क्लायंटच्या यंत्रणेत तुम्ही किती मिसळलेले आहात, यांवर प्रश्न येतात. सगळ्यात जास्त चुका बदली माणसाच्या प्रश्नावर होतात. ‘क्लायंट बदली माणूस नाकारू शकतो का?’ यावर लोक घाईने ‘हो’वर टिचकी मारतात, कारण करारात ‘पूर्वसंमतीने’ असा शब्द असतो. प्रश्नाखालची बारीक टीप वाचा. तितकाच पात्र आणि सुरक्षा तपासणी पार केलेला माणूसही नाकारता येतो का, असं विचारलंय. फक्त पात्रता किंवा तपासणीवरून नाकारता येत असेल, तर उत्तर ‘नाही’. मात्र प्रत्यक्षात क्लायंट कुणालाही आत घेणार नसेल तर करारातला कागदी हक्क पुढे करू नका. एचएमआरसी निकालाच्या पाठीशी उभं राहतं ते माहिती खरी असेल तरच.

दुसरी अडचण कामाच्या बदलाची. ठरलेलं काम सोडून दुसऱ्या कामाला क्लायंट लावू शकतो का? स्प्रिंटमध्ये (सॉफ्टवेअरच्या कामाच्या छोट्या टप्प्यात) दर पंधरवड्याला जे पुढे येईल ते उचलत असाल तर ‘नवीन करार लागेल’ हे उत्तर टिकणार नाही. कामाचा तपशील कराराच्या परिशिष्टात ‘नेमकं काय करून द्यायचं’ अशा रूपात लिहून घ्या, ‘डेव्हलपर म्हणून सेवा’ असा नको. आर्थिक जोखमीत लॅपटॉप आणि फोन धरले जात नाहीत, त्यामुळे आयटीवाल्याला तिथे टेकू मिळत नाही. चूक झाली तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करण्याचं कलम असलं तर मात्र फरक पडतो.

मोठी उणीव एकच, पण गंभीर आहे. काम देण्या-घेण्याचं परस्पर बंधन आहे की नाही, हे साधन नीट तपासत नाही, अशी जाणकारांची जुनी तक्रार आहे. न्यायालयात वाद बऱ्याचदा त्यावरच रंगतो. शिवाय ‘ठरवता येत नाही’ असाही एक निकाल आहे. तो आला की करार नीट तपासून घ्यावा लागतो.

निकालाची पीडीएफ लगेच उतरवा, कारण माहिती साठत नसल्याने नंतर ती परत मिळत नाही. करार बदलला किंवा वाढला की पुन्हा चालवा. क्लायंट सरकारी, किंवा मध्यम वा मोठा खासगी असेल तर निर्णय देणं त्याचं काम, आणि तो कारणांसह लेखी द्यावा लागतो. क्लायंट छोटा खासगी असेल तर जबाबदारी तुमच्या कंपनीची. क्लायंटचा निर्णय पटला नाही तर प्रत्येक प्रश्नाचं तुमचं उत्तर आणि करारातलं कलम शेजारीशेजारी मांडून लेखी हरकत पाठवा. उत्तर द्यायला त्याला ४५ दिवस असतात. हरकत शेवटचं बिल चुकतं होण्याआधी पोचायला हवी.