दहा महिने, तीन विमानं: धुळ्याच्या हवेत एअरब्रश वापरताना

दिवाळी आटोपल्यावर चौथ्या दिवशी, प्लॅस्टिकची छोटी विमानं रंगवण्यासाठी मागवलेलं खोकं घरी आलं. आत ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र, आणि तीन लिटर टाकीचा, बिनतेलाचा छोटा कंप्रेसर. दोन्ही मिळून साडेआठ हजारांच्या आत पडलं. या वर्गातली यंत्रं दहा नावांनी विकली जातात आणि आतला ऐवज बहुतेक सारखाच असतो, त्यामुळे नावात शिरत नाही. हिवाळा, उन्हाळा आणि आता पावसाळा असे तिन्ही ऋतू धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत, हे यंत्र मी वापरलं आहे. विकत घेण्याआधी मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते आधीच सांगून टाकतो: यंत्र चांगलं आहे, पण सोबतच्या कागदावरचं दाबाचं आणि रंग पातळ करण्याचं गणित थंड खोलीतलं आहे. आपल्याकडे ते गणित दर दोन महिन्यांनी नव्याने मांडावं लागतं.

विमानांची किट मी शाळेत असल्यापासून जोडतो. रंग मात्र कायम ब्रशने दिला. १/७२ मापाच्या विमानावर ब्रशचा थर ०.०५ मिलिमीटर जरी बसला, तरी खऱ्या विमानाच्या हिशेबात तो साडेतीन मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे पत्र्यावर गिलावाच. पंखावरच्या बारीक रेघा बुजायच्या आणि सगळं खेळण्यासारखं दिसायचं. वर्षानुवर्षं ते चालवून घेतलं.

चालेनासं झालं ते मामांमुळे. माझे मामा ओझरच्या मिग कारखान्यात रंगकामाला होते. मिग-२१ परवान्याने बनवण्यासाठी १९६४ मध्ये सुरू झालेला हा कारखाना. तिथेच त्यांची नोकरी संपली आणि मग ते धुळ्यात परत आले. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, हवाई दलात ६२ वर्षं काढून. त्या दिवशी मामा टीव्हीसमोरून जेवायलासुद्धा उठले नाहीत. तेव्हाच मनात घेतलं, त्यांच्यासाठी एक टाइप ७७ करायचं, म्हणजे मिग-२१एफएल, आणि तेही सुरुवातीच्या काळातलं, उघड्या धातूच्या अंगाचं. असं अंग ब्रशने होणं शक्य नाही. म्हणून हा खर्च.

पहिलं विमान मात्र मिग नव्हतं. हात बसवायला एक स्वस्तातलं हरिकेन घेतलं, वर मातकट तपकिरी आणि गडद हिरवा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला चांगली थंडी पडते, हवा कोरडी असते, आणि त्या दिवसांत या यंत्राने मला काहीही त्रास दिला नाही. तामिया कंपनीचा ॲक्रिलिक रंग आणि थिनर सारख्याला सारखं, दाब १५ ते १८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), अंतर चार बोटं. बटण खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग, हे बोटांत उतरायला आठवडा लागला. वहीच्या कागदावर रेघा, ठिपके, आपलं नाव, असं रोज अर्धा तास. दोन रंगांमधली मऊ कड हवी असेल तर चिकटपट्टी थेट लावायची नाही. चिकट मातीच्या बारीक वळ्या करून त्या सीमेवर ठेवायच्या आणि वरून सरळ फवारायचं. कड आपोआप विरघळते. पहिल्यांदा वळ्या काढल्या आणि खाली ती कड बघितली, तेव्हा रात्री साडेअकराला मी आईला उठवून दाखवली होती.

जानेवारीत चूकही झाली. नोझल म्हणजे सुईच्या टोकाएवढी पितळी टोपी, बारीक आट्यांची. धुताना पाना जरा जास्त फिरवला आणि आटे आतच तुटून राहिले. चूक माझी, पण हेही खरं की या किमतीच्या एअरब्रशची ही सर्वांत नाजूक जागा आहे. घेतानाच दोन जादा नोझल आणि एक जादा सुई मागवा. सुटा भाग धुळ्यात मिळत नाही आणि कुरिअरला आठवडा जातो. दुसरी तक्रार आतल्या रबरी वायसरची. लॅकर (उग्र वासाचा, झटपट वाळणारा रंग) पातळ करायच्या थिनरने ते फुगलं आणि बटण अडकू लागलं. आता टेफ्लॉनचं बसवलंय, सहा महिने झाले, शांत आहे.

मार्च उजाडला आणि सगळं बदललं.

दुपारी तीनला हरिकेनचंच उरलेलं काम काढलं. तेच प्रमाण, तोच दाब. पंखावरून बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. रंग एअरब्रशमधून निघून प्लॅस्टिकपर्यंत पोचायच्या आतच वाळत होता, म्हणजे मी रंग देत नव्हतो, धुरळा टाकत होतो. दर दोन मिनिटांनी सुईच्या टोकावर सुकलेल्या रंगाचा मणी. तो पुसला नाही तर अचानक शिंतोडा उडतो. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा तर पत्र्याखालच्या खोलीत दुपारी फवारणी हा विचारच सोडून द्यायचा.

मग जे बसवलं ते असं. रंगाच्या एका भागाला थिनर दीड ते दोन भाग, त्यात वाळणं लांबवणारं रिटार्डर दहा थेंबांना एक. दाब १२ पर्यंत खाली. ब्रश आणखी जवळ, दोन बोटांवर. आणि वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात, बस्स. आई खालून ओरडायची, "इतली पहाटमा काय करी ऱ्हायना रे?" कंप्रेसरचा आवाज तसा कमी आहे, जुन्या फ्रिजइतका. पण फरशीतून थरथर खाली जायची. खाली टायरच्या ट्यूबचे दोन थर टाकले, आईची झोप वाचली.

धुळीचा उपाय आईनेच सांगितला. एप्रिलच्या वाऱ्यात कितीही खिडक्या लावा, ओल्या चकचकीत रंगावर कण येऊन बसतोच. ती म्हणाली, अंगणात सडा टाकतो तसा खोलीत टाक. फवारणीआधी पाव तास फरशीवर पाणी शिंपडायचं आणि मग खोलीत फार हालचाल करायची नाही. महागड्या फवारणी-पेटीपेक्षा मला याचा जास्त उपयोग झाला. पंखा बंद. कूलरही बंद, आणि कूलरचं हे नीट लक्षात घ्या. खान्देशात उन्हाळ्यात कूलरशिवाय बसणं अवघड, पण तो वाळ्यातून पाणी उडवतो आणि खोलीत दमट हवा भरतो. कूलर चालू ठेवून लॅकर मारला आणि पांढुरकी साय आली. बाहेर पाऊस नाही, आकाश कोरडं ठणठणीत आणि माझ्या खोलीत जुलै. कारण सापडायला दोन दिवस गेले.

लॅकरबद्दल बोलतोच आहे तर: सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क घातल्याशिवाय तो उघडू नका. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क याला चालत नाही. वाफ बाहेर काढणारा पंखा लावत असाल तर त्याची मोटर वाफेच्या वाटेत येऊ देऊ नका, वाफ पेटायला एक ठिणगी पुरते. माझ्या घरात लहान पुतणी आहे, म्हणून लॅकरच्या दिवशी गच्चीचं दार आतून लावलेलं असतं.

सामानाचं म्हणाल तर गावातच बरंच मिळतं, फक्त ते छंदाच्या दुकानात शोधायचं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे. बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, गॅरेजसमोर. वॉटर पेपर १००० पासून २००० पर्यंत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात. तिथलाच एन.सी. थिनर एअरब्रश धुवायला उत्तम, पण किटवर थेंबही नको, प्लॅस्टिक विरघळतं. फट बुजवायला फेविक्विकमध्ये खायचा सोडा. लगेच दगड होतो, मग घासायला बसा. एक इशारा: पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिकमध्ये, उदाहरणार्थ वालेहोच्या रंगांत, हे अल्कोहोल घालू नका. दूध नासावं तसा रंग फुटतो आणि नोझल बसतं. तामियाला चालतं म्हणून सगळ्यांना चालत नाही.

आता मिग. पंखांचा पसारा खऱ्या विमानाचा ७.१५ मीटर, माझ्या टेबलावर दहा सेंटीमीटरला जरा कमी. धातूचं अंग करायचं तर पृष्ठभाग आरशासारखा लागतो, कारण रुपेरी रंग काहीच झाकत नाही. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक सांधा तो मोठा करून दाखवतो. दोन आठवडे नुसतं घासणं चाललं. मग चकचकीत काळं अस्तर, दोन दिवस वाळवण, आणि त्यावर धातूचा लॅकर १२ पीएसआयवर, धुक्यासारखे सात-आठ हात. पहिल्या दोन हातांत काहीच दिसत नाही आणि माणूस घाबरून जास्त ओततो. ओतू नका. पाचव्या हाताला काळ्यातून ॲल्युमिनियम वर येतं. ते पाहणं हे या सगळ्या खर्चाचं मोल आहे, मी हे मनापासून सांगतो. नंतर काही पत्रे चिकटपट्टीने वेगळे करून जरा गडद छटा, शेपटीच्या टोकाला भाजल्यासारखा तपकिरी-निळसर झाक. पट्टी आधी हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करून घ्यायची, नाहीतर रुपेरी रंग सोबत निघून येतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मामा आले. चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून त्यांनी विमान पाहिलं. मग बोटांच्या पाठीने पंखावरून हात फिरवला, पेरांनी नव्हे. पेरांना घाम असतो म्हणे, कारखान्यात तसंच तपासायचे. नाकाच्या हिरव्या शंकूपाशी मात्र थांबले.

"याच्याखाली काय मारलंय?"

"काळं. आणि रुपेरीचा थोडा फवारा गेलाय मामा, वरून हिरवा दिलाय."

"भाचा, शंकूत रडार असतं. त्यावर धातूची पूड असलेला रंग चालतच नाही, लहरी अडतात. आम्ही तिथे रुपेरी जवळसुद्धा येऊ देत नव्हतो."

मॉडेलमध्ये रडार नाही आणि खालचा थर कुणाला दिसणारही नाही. तरी मी शंकू घासून पार प्लॅस्टिकपर्यंत आणला, बाकी विमान कागदात गुंडाळलं आणि पुन्हा नुसता हिरवा दिला. मामा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. यंत्राचं कौतुक त्यांना वाटलं, पण रंग फवारायची बंदूक फार लहान म्हणाले.

पावसाळ्यात कंप्रेसरची खरी परीक्षा. दमट हवा दाबली की पाणी सुटतंच. जुलैत दर वीस मिनिटांनी हवेतलं पाणी अडवणाऱ्या काचेच्या वाटीत चमचाभर पाणी दिसायचं. ते सोडलं नाही तर एक थेंब नळीतून येऊन रंगावर फुटतो. टाकीखालचा छोटा नळही दर वेळी काम झाल्यावर उघडायचा, नाहीतर आतून गंज. हे कागदावर अगदी बारीक अक्षरांत लिहिलं आहे, ते ठळक हवं होतं. लाइट गेली तर टाकीतली हवा मिनिटभर पुरते. तेवढ्यात रंग टाकून थिनर मारून ब्रश मोकळा करून घ्यायचा. ही सवय लागली आणि अडकलेली सुई उपटायची वेळ पुन्हा आली नाही. उन्हाळ्यात सलग वापरला तर कंप्रेसर हात लावू नये इतका तापतो. मी वीस मिनिटं काम, वीस मिनिटं विश्रांती असं पाळलं, आजवर बंद पडलेला नाही.

तिसरं विमान हंटर. १९७१ च्या डिसेंबरमध्ये लोंगेवालाला जैसलमेरहून उडाले, तेच हंटर. वर हिरवा आणि करडा. रंग झकास बसला. चकचकीत थर देऊन मग चित्रपट्ट्या (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) लावल्या, कारण खरखरीत पृष्ठभागावर पट्टीखाली हवा राहते आणि ती चंदेरी दिसते. भिजवायला बॅटरीचं पाणी. आमच्या बोअरच्या पाण्याने हरिकेनवर क्षारांचे पांढरे डाग राहिले होते, ते नंतर पुसताच आले नाहीत. केशरी, पांढऱ्या, हिरव्या वर्तुळांखाली पट्टी चिकटवणारं मायक्रो सेट, वरून ती मऊ करणारं मायक्रो सोल. पट्टी सुरकुतते तेव्हा हात लावायचा नाही. तासाभराने ती स्वतःच रेघांत उतरून बसते.

चूक शेवटच्या मॅट थरात झाली. बाहेर झड लागलेली, मला घाई, आणि अर्धा पंख दुधाळ झाला. त्यावर नुसतं लेव्हलिंग थिनर (सावकाश वाळणारं थिनर) अगदी हलक्या हाताने फवारलं, थर पुन्हा ओला झाला आणि धुकं बरंचसं गेलं. डाव्या पंखाच्या मुळाशी बोटभर राहिलंय.

पुन्हा घेईन का? कंप्रेसर हाच घेईन. एअरब्रश मात्र जरा वरच्या वर्गातला, ज्याचं नोझल बिनआट्यांचं, नुसतं दाबून बसणारं असतं. सुरुवातीला मास्क आणि जादा नोझल यांचे दीड हजार मी हिशेबात धरले नव्हते, तुम्ही धरा. धुण्यात अर्धा वेळ जातो हेही धरा. चार मिनिटं रंग आणि दहा मिनिटं सफाई, हे प्रमाण दहा महिन्यांत बदललेलं नाही.

मिग मामांच्या घरी गेलं, काचेच्या पेटीत, देवघराशेजारच्या कोनाड्यात. हंटर अजून माझ्याकडे, कपाटावर झाकून ठेवलंय. त्या बोटभर धुक्यावर उघाड पडेपर्यंत मी हात लावणार नाही.