हिंदमाता: पाणी उपसायचं की साठवायचं?

मुंबईच्या दादर-परळ भागातलं हिंदमाता म्हणजे बशीचा तळ. आजूबाजूच्या उंच भागांतलं पाणी उतरून इथेच येतं.

पहिला उपाय उदंचन केंद्रांचा, म्हणजे पाणी उपसणाऱ्या पंपिंग स्टेशनांचा: हाजी अली, इर्ला, ब्रिटानिया. मोठ्या भरतीला समुद्राकडची दारं बंद करावी लागतात, तेव्हा हे पंप पाणी पलीकडे फेकतात. ताकद प्रचंड, थकवा नाही. पण पाणी पंपापर्यंत पोचायला हवं ना! जुन्या वाहिन्या ताशी 25 मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी कोसळला. ब्रिटानिया केंद्र सुरू झाल्यावरही हिंदमाता तुंबतच राहिलं, ते या वाटेतल्या अडचणीमुळेच असं मला वाटतं.

दुसरा उपाय भूमिगत टाक्यांचा. प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी जवळच साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. मर्यादा उघड आहे. एक हेक्टरवर 100 मिमी पाऊस म्हणजे 1000 घनमीटर, दहा लाख लिटर पाणी. टाकी भरली की संपलं.

तरी हिंदमातासारख्या खोलगट जागी मी टाकीच आधी निवडेन. तिथे भरतीचे दोन-तीन तास निभावले, तरी बस अडकत नाही आणि केईएम रुग्णालयाकडे निघालेला रुग्ण वेळेत पोचतो. इर्ल्यासारख्या नाल्याच्या मुखाशी मात्र पंपच हवेत.