टबातला गंज आणि माझे साडेअठरा हजार

अमळनेर तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे, बावीस वर्षांपासून. मे-जूनमध्ये कापसाचं बियाणं विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एकच पाठ म्हणून दाखवतो: पक्कं बिल घ्या, पाकिटावरचा लॉट नंबर बघा, हंगाम संपेपर्यंत पाकीट फेकू नका. उगवण झाली नाही तर हातात कागद पाहिजे. हे सांगणारा माणूस जानेवारीत एका मंगल कार्यालयात जाऊन बिल नाही, लेबल नाही, लॉट नंबर नाही अशा मालाचे १८,५०० रुपये मोजून आला. गावात हसं झालंच आहे, मग लिहायला काय हरकत?

पोटाची तक्रार खरी होती, तीही मीच ओढवून घेतलेली. थंडीत आमच्याकडे भरिताच्या पार्ट्यांना अंत नसतो. बहीण यावल तालुक्यात दिलेली. तिच्याकडून बामणोदची वांगी आली की शेतात तुराट्या पेटायच्या, कळण्याच्या पुऱ्या व्हायच्या, आणि तेलाचा हात सैल सोडून रात्री अकराला पंगत बसायची. महिनाभर हे चाललं. मग पोट दगडासारखं, तोंडाला चव नाही, सकाळी पोट साफ नाही, दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलक्या. वय ५४, सहा वर्षांपासून साखरेची गोळी चालू. त्यात एका रविवारी पेपरातून पिवळं पत्रक पडलं: ‘शरीरातील आम डोळ्यांनी पाहा! मोफत नाडी परीक्षण शिबिर.’ खाली बारीक अक्षरात ‘मधुमेह मुळासकट’ असंही होतं.

सौ. म्हणाली, “रात्रीचं जेवण बंद करा, सुंठेचं पाणी प्या, शिबिर कशाला पाहिजे?” तरी तिलाही घेऊन गेलो.

तो तथाकथित वैद्य अडाणी नव्हता, हे आधी सांगतो. त्यानं जीभ बघितली. तिच्यावर पांढरा थर होताच. नाडीवर तीन बोटं ठेवली आणि ‘रोगाः सर्वेऽपि मन्देऽग्नौ’ हे खडखडीत म्हणून दाखवलं. अग्नी मंद झाला की खाल्लेलं नीट पचत नाही, त्या अर्धवट पचलेल्या रसाला आम म्हणतात, त्यानं अंग जड होतं, आळस येतो, तोंडाची चव जाते, मळ अडतो. माझ्या पोटातलं जणू वाचून दाखवलं. आजी ‘आव पडली’ म्हणायची त्यातली आव म्हणजे हाच आम, आमवातातला आमही हाच, हेही त्यानंच सांगितलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, नंतर मी खात्री करून घेतली. पहिली पंधरा मिनिटं सगळं खरं बोलला म्हणून सोळाव्या मिनिटाचं मी तपासलंच नाही. त्या मिनिटाला तो म्हणाला, “भाऊसाहेब, तुमच्या आतड्यात साडेचार किलो आम चिकटलाय. यालाच इंग्रजीत टॉक्सिन म्हणतात. तळपायाच्या छिद्रांतून आपण तो ओढून काढू. तुमच्या डोळ्यांसमोर.”

पुढे निळे टब मांडले होते, उथळ. कोमट पाणी. एका पोरीनं बरणीतलं मीठ टाकलं, माझ्या टबात दोन मुठी. मग पाण्यात भोकाभोकांची काळी डबी सोडली, आत धातूच्या पट्ट्यांची वेटोळी, तिच्यातून वायर निघून पेटीला गेलेली. पेटीवर लाल आकडे तीस मिनिटांपासून उलटे पळू लागले. पाचेक मिनिटांत डबीभोवती बारीक बुडबुडे आणि पाण्यात पिवळट धूर. दहा मिनिटांत पाणी चहासारखं. वीस मिनिटांत माझे घोटे दिसेनात. वर मातकट फेस, फेसात काळपट कपटे. आणि वास! ग्रामपंचायत टाकीत टीसीएल पावडर टाकते, अगदी तो. भिंतीवर रंगांचा तक्ता होता: नारिंगी म्हणजे सांध्यांतली घाण, तपकिरी म्हणजे यकृतातली, फेस म्हणजे कफ, काळे कपटे म्हणजे आतड्यातला जुना आम. शेजारचे आजोबा स्वतःच्या टबाकडे बघून हात जोडून बसले होते. मला स्वतःची किळस आली, खरं सांगतो. एवढी घाण घेऊन मी देवपूजा करत होतो?

सौ.च्या टबात त्या पोरीनं चिमूटभर मीठ टाकलं. तिचं पाणी फिकट लिंबू सरबतावर थांबलं. “ताईंची तब्येत उत्तम, साहेबांनाच लवकर सुरू करावं लागेल,” असा निकाल आला. चिमूट आणि मूठ यातला फरक मी डोळ्यांनी बघितला होता, पण डोक्यात शिरला तो बारा दिवसांनी.

पॅकेज असं: सात वेळा टब आणि एकवीस दिवसांचं चूर्ण. मूळ किंमत २६,०००, शिबिरापुरती १८,५००. क्यूआर कोड स्कॅन केला तर मोबाइलवर दवाखान्याचं नाव न येता कुण्या बाईचं नाव आलं. विचारलं तर “अकाउंटंट मॅडम आहेत”. बिल मागितलं तर “दुसऱ्या सिटिंगला देऊ”. माझ्या दुकानात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला हात धरून बाहेर काढला असता.

चूर्णाचा डबा पांढरा, वर घरच्या प्रिंटरवर काढलेली ‘आमनाशक’ अशी चिठ्ठी. साखरेची गोळी बंद करायची अट होती, कारण “तीसुद्धा टॉक्सिनच”. पहिल्या दिवशी पाच जुलाब, दुसऱ्या दिवशी आठ. फोन केला तर म्हणे, “उत्तम! आम सुटतोय. घाबरू नका, चालू ठेवा.” वजन सव्वातीन किलो उतरलं आणि मी खूशही झालो. आता कळतं, ते पाणी होतं. पाचव्या दिवशी युरियाच्या गोण्या मोजताना डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटऱ्यांत गोळे चढले आणि मी गोण्यांवरच आडवा झालो.

दवाखान्यात साखर निघाली ३४२, सोडियम-पोटॅशियम दोन्ही खाली. तीन दिवस सलाईन, त्याचे अकरा हजार वेगळे. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त विचारलं, “गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद केली?” मी सांगितलं. ते म्हणाले, शरीरातली घाण बाहेर टाकायला यकृत आणि दोन मूत्रपिंडं रात्रंदिवस कामाला असतात, ती तळपायाची वाट बघत बसत नाहीत. तळपायातून घाम येतो, बाकी काही नाही.

तरी माझं मन टबात अडकलेलं होतं. पाणी काळं झालेलं मी बघितलं होतं ना! तिढा भाच्यानं सोडवला. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी टबाचं वर्णन करत होतो तेव्हा तो गालात हसत होता. माझ्याच दुकानातल्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घेतली, दोन लोखंडी खिळे वायरला बांधले, प्लास्टिकच्या घमेल्यात पाणी आणि मूठभर मीठ घालून खिळे अंतर ठेवून सोडले. पाय कुणाचेच नाहीत. एका खिळ्यावर बुडबुडे, दुसऱ्यापासून पिवळा धूर. दहा मिनिटांत नारिंगी, वीस मिनिटांत चहा, फेस, कपटे, सगळं. “मामा, पायमाईन काहीच निंघनं नही,” तो म्हणाला, “हाऊ लोखंडना गंज शे.”

झालं असं की मिठाच्या पाण्यातून करंट गेला की बॅटरीच्या धन टोकाला जोडलेलं लोखंड विरघळू लागतं आणि त्याचा गंज बनून पाण्यात तरंगतो. दुसऱ्या टोकाचे बुडबुडे हायड्रोजनचे. मंगल कार्यालयातला तो टीसीएलचा वासही मिठातल्या क्लोरीनचा. मीठ जास्त तर करंट जास्त, करंट जास्त तर गंज जास्त. म्हणून माझ्या टबात दोन मुठी आणि सौ.च्या टबात चिमूट. ज्याच्या खिशात पैसे दिसले त्याचा आम काळा. (हा प्रयोग कुणाला करायचा असेल तर बॅटरीवरच, खिडकी उघडी ठेवून. घरातल्या प्लगची वायर चुकूनही पाण्यात घालू नका.)

आता आयुर्वेदाबद्दल. माझा त्यावरचा विश्वास उडाला का, असं दोघा-तिघांनी विचारलं. उलट मला राग आला तो यासाठी की शास्त्रात त्या शिबिरवाल्याच्या नेमकं उलट सांगितलंय. हे मला जळगावच्या एका वैद्यांकडून कळलं. बीएएमएस, पुढे कायचिकित्सेत एमडी, नोंदणी क्रमांकाचं प्रमाणपत्र खुर्चीमागे टांगलेलं. मी गेलो तेव्हा त्यांनी आधी साखरेचे रिपोर्ट मागितले, गोळी पुन्हा चालू केल्याची खात्री केली. मग विचारलं: भूक वेळेवर लागते का, ढेकर कसली येते, झोपेतून उठल्यावर अंग हलकं वाटतं का? जीभ त्यांनीही बघितली. आम किती किलो, असं मी विचारल्यावर हसले. “आम ही मापात मोजायची वस्तू नाही. पचन बिघडल्याची ती अवस्था आहे. ती आतड्याला डिंकासारखी चिकटून बसत नाही आणि मशीननं दिसत नाही.”

मग त्यांनी वाग्भटाच्या अष्टांगहृदयातलं एक सांगितलं, ते मी विसरणार नाही. सगळ्या शरीरात पसरलेले, आमासकट असलेले दोष जबरदस्तीनं बाहेर काढू नयेत. कच्च्या फळातून रस पिळायला गेलं तर रस तर मिळत नाहीच, फळाचाही नाश होतो. “तुम्ही केळीच्या मुलखातले,” ते म्हणाले, “हिरवा घड पिळून कधी रस काढलात का? आधी पिकवावा लागतो.” म्हणजे आधी लंघन, मग सुंठ-हिंगासारखं अग्नी वाढवणारं आणि आम पचवणारं, आणि त्यातच बहुतेकांचं काम होतं. विरेचन द्यायचंच ठरलं तर त्याआधी काही दिवस तूप पाजतात, अंगाला तेल लावून शेक देतात, जुलाबाचं औषध एकदा देतात, आणि मग पेज, मऊ भात असं करत माणसाला हळूहळू जेवणावर आणतात. एकवीस दिवस रोज जुलाब, असं कोणत्याच ग्रंथात नाही. डबा उघडून त्यांनी वास घेतला. सोनामुखी आहे म्हणाले, बाकी काय आहे ते प्रयोगशाळेशिवाय सांगणार नाही. मला त्यांनी दिलं काय? रात्री मुगाचं कढण, सूर्य मावळायच्या सुमारास. जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधव लावून. भूक लागल्याशिवाय जेवायचं नाही, पण पूर्ण उपास आधी साखरेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फी ३०० रुपये. पंधरा दिवसांत पोट हलकं झालं. सौ. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी फार गोड बोलत होती, ते जास्त लागलं.

पैशांचं म्हणाल तर पत्रकावरचा नंबर बंद. मंगल कार्यालयवाल्याकडे एका दिवसाच्या भाड्याची पावती आणि कुणाच्या तरी आधारची पुसट झेरॉक्स. पोलिसांनी अर्ज घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “बिल आहे?” मी खाली बघितलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. अन्न व औषध प्रशासनाकडे डबा आणि पत्रक देऊन पोच घेतली. तिथे कळलं की वैद्यानं आपल्या रुग्णाला स्वतः पुडी बांधून देणं वेगळं, पण डब्यात भरून विकायचं तर आयुर्वेदिक औषधालाही उत्पादनाचा परवाना लागतो, आणि लेबलवर परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक, बनवणाऱ्याचा पत्ता, मुदत हे छापावंच लागतं. बियाण्याच्या पाकिटासारखंच की! मधुमेह मुळासकट घालवतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यापासून बंदी आहे. ते वाक्य पत्रकावर छापलेलं होतं आणि मी चष्मा लावून वाचलं होतं. वैद्याची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला मला दहा सेकंद लागले असते.

पैसे अजून परत आलेले नाहीत.

घमेलं आणि खिळे मी काउंटरखालीच ठेवलेत. परवा पारोळ्याकडचा एक शेतकरी डीएपी न्यायला आला, खिशातून पत्रक काढलं. नाव वेगळं, फोटो वेगळा, टब तोच निळा. त्याला स्टुलावर बसवलं, बॅटरी जोडली, मीठ टाकलं. पाणी लाल होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग जीभ बाहेर काढून म्हणाला, “ते समदं खरं भाऊ, पण मना जीभवर पांढरं शे, त्यानं काय?”

विचारलं, कुठली गोळी चालू आहे का. नाही म्हणाला. म्हटलं, मग आज रात्री जेवू नको, गरम पाणी पी. चार दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरला दाखव, आणि दाखवशील तेव्हा बिल घे.