‘अर्ली डिसिजन’चा सल्ला: पुण्यातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठी आम्ही मुलीकरिता पुण्यातील एका समुपदेशन केंद्राची सेवा वर्षभर घेतली. केंद्राचे नाव येथे मुद्दामच देत नाही. निबंधांवर त्यांनी घेतलेली मेहनत वाखाणण्याजोगी होती. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच अर्ज भरण्याची ऑनलाइन सोय, तिच्यातील 650 शब्दांच्या मुख्य निबंधाचे सात खर्डे झाले आणि प्रत्येकाच्या समासात हाताने लिहिलेले शेरे असत. ‘आजीचा पानाचा डबा राहू द्या, त्यापुढचे भाषण गाळा’ हा शेरा तर आमच्या घरात अजून निघतो.

मात्र सर्वांत आवडत्या कॉलेजात 1 नोव्हेंबरच्या मुदतीत अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तेथेच जाण्याचे बंधन घालणारा लवकरचा, अर्ज करावा की नाही, हा आमचा मुख्य प्रश्न होता आणि नेमके तेथेच केंद्र तोकडे पडले. पहिल्याच बैठकीत ‘अर्लीत चान्स वाढतो’ असे सांगून आकडे दाखवण्यात आले. आकडे खोटे नव्हते. परंतु त्या गटात खेळाडू म्हणून आधीच हेरलेल्या मुलांचा आणि काही कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचाही भरणा असतो, त्यामुळे कागदावरची तफावत सर्वांच्या वाट्याला तशीच येत नाही, हे कोणी बोलले नाही.

त्याहून गंभीर बाब पैशांची. अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात व डिसेंबरच्या मध्यास प्रवेश मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. पुरेसे अर्थसाहाय्य न मिळाल्यास सुटका मागता येते हे खरे. पण वसंतात तीन-चार कॉलेजांची पत्रे शेजारी ठेवून खर्चाची तुलना करण्याची संधी हातची जाते, आणि कर्ज काढून शिकवणाऱ्या घराला हीच बाब कळीची असते. शिवाय परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितले, तर बहुतेक कॉलेजे ती मागणी निवडीच्या वेळी विचारात घेतात, म्हणजे त्यामुळे प्रवेशाची शक्यता घटू शकते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी ही अपवादांपैकी असून त्यांची लवकर अर्जाची सोय मुळात बंधनकारकच नाही. हे सारे पहिल्या दिवशी सांगायला हवे होते. आमच्या उत्पन्नाविषयीचा पहिला प्रश्न चौथ्या बैठकीत आला, तोही निघता निघता, चहाचे कप उचलले जात असताना.

आणखी एक चूक महागात पडली असती. मुदत अमेरिकेच्या वेळेप्रमाणे संपते, म्हणून 2 तारखेच्या सकाळपर्यंत अवकाश आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात कॉमन ॲपमध्ये मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार रात्री 11:59 ला संपते. मुलीने हे स्वतः वाचले म्हणून निभावले.

अखेर तिने 1 नोव्हेंबरला दोन ठिकाणी बंधन नसलेले अर्ली ॲक्शनचे अर्ज केले आणि आवडत्या कॉलेजाचा अर्ज जानेवारीच्या नियमित मुदतीत भरला. या बदलापायी वाढलेल्या कामाचे केंद्राने वेगळे शुल्क घेतले नाही, हेही नमूद करायला हवे.