लोकलचं दार: उघडं की बंद?
९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. तेव्हापासून बंद दाराची मागणी पुन्हा जोरात आहे.

एसी लोकल डिसेंबर २०१७पासून धावतेय. तिथे लटकणं संपलं. पण गर्दीत कुणाची तरी सॅक दारात अडकते, दार लागत नाही, गाडी खोळंबते आणि मागच्याही रखडतात.

साध्या लोकलचं उघडं दार म्हणजे हवा. (आणि सुटत्या गाडीत उडी मारायची मुभा!) तिला नुसतं दार लावलं तर आतले गुदमरतील. म्हणून रेल्वेने दाराला झडपा आणि छतावर हवा खेळवणारी यंत्रं सुचवली.

मला बंद दारच पटतं, पण फेऱ्या वाढवून. नाहीतर आज लटकणारे उद्या कळव्याच्या फलाटावर तुंबतील.